बोट माझं होतं

शिवरात्र जवळ आली की आमच्याकडची मैदानं मुलांच्या हातून जातात. दहावी-बारावीची पोरं परीक्षेचं पॅड आणि पाण्याची बाटली घेऊन केंद्राच्या वाटेला लागतात, त्यांच्या बॅटी आया माळ्यावर टाकतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर मोठ्या माणसांचा खेळ सुरू होतो. हरभरा निघालेला असतो. शाळू काढणीला आलेला असतो. पैठण रस्त्याच्या कडेला कडुलिंबाची पानं गळतात आणि जाणाऱ्या ट्रकमागं उडत राहतात. सकाळी अंगात स्वेटर लागतो, अकराच्या आत तो काढून कमरेला बांधावा लागतो. शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, पण खेळपट्टीवर मारायचा टँकर मात्र वेळेवर येतो. ओली माती, फक्कीची पांढरी रेघ, मंडपाच्या कापडाला येणारा कुबट वास, आणि मराठीत सुरू होऊन हिंदीत संपणारी भोंग्यावरची कॉमेंट्री. अठरा वर्षं मी या दिवसांची वाट बघितली.

परवा सकाळी कामावर निघालो होतो. शेतापलीकडून आवाज आला, ‘हॅलो, हॅलो, माइक चेक.’ गाडीची किल्ली हातात घेऊन मी अंगणातच थांबलो. बायको दारात होती. ती म्हणाली, “लागला तुमचा हंगाम.” मी गाडी सुरू केली. गेल्या वर्षापासून मला या दिवसांची भीती वाटते.

मी चितेगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. सुट्टीच्या दिवशी पांढरा कोट घालून टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहतो. हे काम मला शिकवलं रऊफ सरांनी. ते खुलताबादचे. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. उंच, किडकिडीत माणूस, बारीक कातरलेली पांढरी दाढी, आणि आवाज इतका हळू की नो बॉल म्हणाले तर फक्त बोलरला ऐकू जावं. रविवारी पहाटे खुलताबादच्या घाटातून स्कूटर घेऊन उतरायचे आणि साडेसातला मैदानावर हजर. सीताफळाच्या दिवसांत माझ्यासाठी पिशवीभर फळं आणायचे, तेव्हा सामन्यांचा हंगाम नसला तरी.

माझ्या पहिल्या वर्षी मी एका फलंदाजाला मागे कीपरनं झेल घेतला म्हणून बाद दिलं. तो बिचारा मान हलवत गेला. जेवणाच्या सुट्टीत सरांनी मला बाजूला घेतलं.

“नरवडे, तुमी बॉल बॅटला लागलेला बघितला का आवाज ऐकला?”

“आवाज ऐकला, सर.”

“आवाज तर बॅट जमिनीला घासली तरी येतो.” ते रागावले नव्हते, वर्गात चुकलेलं गणित दाखवावं तसं सांगत होते. “दिसल्याबगैर बोट नक्को उचलू. आणि एकदा उचललं की ते तुमचंच. मग दुनिया इकडची तिकडं झाली तरी.”

मोठ्या पंचांच्या परीक्षेला ते दोनदा बसले होते. लेखीत वरच्या नंबरात आले, तोंडीत राहिले. तोंडी इंग्रजीत होती. हे ते हसून सांगायचे, “रूल आता है, रूल की अंग्रेजी नहीं आती.” मी पण हसायचो. त्यांच्यापेक्षा निम्मे नियम माहीत असलेली माणसं टीव्हीवरच्या सामन्यांना उभी राहिलेली आम्ही दोघांनी बघितली होती.

आमच्या गावची स्पर्धा अण्णा भरवतात. अण्णा म्हणजे माझ्या भावकीतलेच. पूर्वी सरपंच होते, आता कुठल्याही पदावर नाहीत, पण आजूबाजूची तीन गावं त्यांच्या शब्दावर चालतात. स्पर्धेच्या दिवसांत पंचांचं आणि बाहेरच्या संघांचं जेवण त्यांच्या घरून येतं. एक वर्ष, कितवं ते आठवत नाही, मी आणि रऊफ सर मंडपात शेजारी बसलो होतो. माझ्यापुढं स्टीलचं ताट आलं. सरांपुढं कागदाची पत्रावळ आली. मी समोर बघितलं. शहरातल्या छावणी भागाच्या संघातली पोरं बसली होती, त्यांच्यात बौद्ध होते, मुसलमान होते, दोन ख्रिश्चन होते. त्यांच्या सगळ्यांपुढं कागदाच्याच पत्रावळ्या होत्या. पैठणकडून आलेल्या पाटलांच्या पोरांपुढं स्टील होतं.

मी काय बघतोय ते सरांच्या लक्षात आलं. म्हणाले, “ताटं कमी पडली असतील. जेवा, भाकरी गार होते.”

मी जेवलो. ताटं कमी पडली असतील, असं स्वतःला सांगत जेवलो. पुढच्या वर्षीही ताटं तेवढ्याच माणसांना कमी पडली. त्याच्या पुढच्या वर्षी मी बघायचं सोडलं. सवय झालेली गोष्ट दिसत नाही, आणि पंचाचं सगळं काम दिसण्याचं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

गेल्या वर्षीचा मोसम सुरू झाला तो पाकिस्तानबरोबरच्या सामन्याच्या दिवशी. अण्णांनी त्या रविवारी सकाळीच आमचे सामने उरकून घेतले आणि मंडपात मोठा पडदा लावला. खुर्च्या भरल्या. पोरांनी गालांवर तिरंगे रंगवले होते. रऊफ सर कोट घडी करून पिशवीत ठेवत होते, तेवढ्यात कॉमेंट्री करणारा माइक घेऊन त्यांच्याजवळ गेला.

“आपल्यासोबत आहेत खुलताबादचे ज्येष्ठ पंच रऊफ सर. सर, आज आपण कोणाकडून?”

मंडपात हशा पिकला. चेष्टाच होती. पण त्या हशाच्या मागोमाग जी शांतता झाली ती चेष्टेची नव्हती. दोनअडीचशे माणसं उत्तराची वाट बघत होती. माझ्यापुढं कुणी माइक धरला नव्हता.

सर म्हणाले, “पंच कुणाकडून नसतो, बेटा. पण तू विचारलंस म्हणून सांगतो, माझी पेन्शन हिथलीच आहे आणि माझी कबर बी हिथंच.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर हसले आणि स्कूटर काढून निघून गेले. ते थांबून सामना बघतील असं मला वाटलं होतं. आधीच्या वर्षांत थांबायचे. एकदा शेवटच्या षटकात त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ राहिला होता.

मग रोजे सुरू झाले. मार्चचं ऊन, पायाखाली तापलेलं रान, आणि सर दिवसाला तीन सामने उभे. पाण्याची सुट्टी झाली की ते पाठ फिरवून यष्ट्यांच्या बेल्स नीट लावत बसायचे. त्यांना रोजा असल्याचं कुणाला समजू नये, असा त्यांचा प्रयत्न असायचा. मलाही ओशाळल्यासारखं व्हायचं. मी पाण्याची बाटली घेऊन मंडपाच्या मागं जायचो.

त्याच दिवसांत तिथल्या बादशाहाच्या कबरीवरून खुलताबाद हे नाव टीव्हीवर रोज यायला लागलं. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचा हिशेब आज जिवंत असलेल्यांनी चुकवावा, अशी भाषा मोबाइलवर फिरत होती. घाटाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी राहायला लागली. सरांना येताना थांबवायचे, नाव विचारायचे, पिशवी उघडायला लावायचे. पिशवीत काय, तर कोट, टोपी, चेंडू मोजायचे सहा खडे आणि नियमांचं पुस्तक. ते एक दिवस अर्धा तास उशिरा आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला म्हणाले, “माफ करा नरवडे, रस्त्यात टाइम लागला.” का लागला ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मैदानावरची हवा बदलत होती. नेमका कधी काय बदल झाला ते सांगता येणार नाही. पूर्वी निर्णय पटला नाही की लोक ओरडायचे, ‘चष्मा लावा, पंच.’ ही शिवी आमच्या दोघांच्या वाटणीची होती. गेल्या वर्षी मी पायचीत दिलं तर लोक म्हणायचे, नरवडेचं चुकलं. सरांनी दिलं तर कुणीच काही बोलायचं नाही, फक्त एकमेकांकडं बघायचे. मग तिसऱ्या रविवारी कडुलिंबाखाली बसलेल्या घोळक्यातून आवाज आला, “पाकिस्तानचा पंच हाय त्यो.” भोंग्यावरचा कॉमेंटेटर हसला. त्याचं हसणं सगळ्या शिवारात ऐकू गेलं. सर खडे मोजत होते. त्यांनी एक खडा या हातातून त्या हातात घेतला आणि बोलरला खूण केली. मी स्क्वेअर लेगला उभा होतो, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला, रेघेच्या सरळ रेषेत. मी ऐकलंच नाही असं केलं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. “तुम्ही काही बोलला नाहीत?” तिनं विचारलं.

“काय बोलायचं? उडाणटप्पू पोरं ती.”

“पोरं कुणाची होती?” ती म्हणाली. तिला माहीत होतं कुणाची होती. त्यातली दोन आमच्याच चुलत्याची होती.

अंतिम सामना अण्णांच्या संघात आणि छावणीच्या संघात झाला. रमजान संपत आला होता. सकाळपासून वारा पडलेला, आभाळ मळकट, कंपन्यांच्या भिंतींकडून गरम झळ येत होती. मैदानाच्या चारी बाजूंनी ट्रॅक्टर लावून त्यावर माणसं बसली होती. एका पोरानं बोलरच्या टोकाला, सरांच्या पाठीमागं, तिपाईवर मोबाइल लावून सामना थेट दाखवायची सोय केली होती. हा मोबाइल नेमका कुठं होता ते लक्षात ठेवायला हवं. पुढचं सगळं त्यामुळं घडलं.

छावणीचा कीपर मिलिंद. तिशीचा, वायरिंगची कामं करतो, आमच्या कारखान्यातही ठेकेदाराकडून येतो. दिवसभर शिडीवर असतो म्हणून की काय, पायांवर मांजरासारखा. तो यष्ट्यांमागं बसला की कडुलिंबाखालून त्याच्या जातीवरून काहीबाही यायचं. तो ग्लोव्हज एकमेकांवर आपटायचा आणि बोलरला ओरडून सांगायचा, “चल, टाक रे.” तेवढंच.

शेवटचं षटक होतं. अण्णांचा पुतण्या विक्रांत खेळत होता. पंचविशीचा, दांडगा, षटकार मारायला लागला की चेंडू शोधायला शेजारच्या उसात जावं लागायचं. चार चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या आणि दोनच चेंडूंपूर्वी त्यानं एक षटकार उसात घातला होता. छावणीच्या फिरकी बोलरनं चेंडू जरा आखूड, जरा बाहेर टाकला. विक्रांत पुढं धावला, बॅट फिरवली, चेंडू हुकला. मिलिंदनं चेंडू घेतला आणि बेल्स उडवल्या.

यष्टिचीतचा निर्णय बोलरच्या टोकाचा पंच देत नाही. त्याला तिथून रेघ दिसत नाही. तो स्क्वेअर लेगच्या पंचानं द्यायचा असतो. म्हणजे मी.

मी बघितलं होतं. बेल्स उडाल्या तेव्हा विक्रांतचा पाय रेघेच्या वीतभर बाहेर होता, बॅट हवेत होती. मध्ये काही नव्हतं, शंका घ्यायला जागा नव्हती. पण विक्रांत माझ्याकडं बघतच नव्हता. तो सरांकडं बघत होता, सगळं मैदान सरांकडं बघत होतं. सरांनी नियमाप्रमाणं हात लांब करून माझ्याकडं दाखवलं. निर्णय तिकडं आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी बोट वर केलं.

मोबाइलला दिसली ती सरांची पाठ आणि त्यांचा उचललेला हात. मी चौकटीच्या बाहेर होतो.

विक्रांत जागचा हलेना. मग बॅट जमिनीवर आपटून गेला. पुढच्या तीन चेंडूंत नव्या फलंदाजाला तीनच धावा करता आल्या आणि छावणी जिंकली. छावणीची पोरं एकमेकांना मिठ्या मारायला लागली आणि मध्येच थांबली. टाळ्या वाजत नव्हत्या. ट्रॅक्टरवरची माणसं एक एक करून खाली उतरत होती. धावत नव्हती, चालत येत होती. मला अजून ते चालणंच आठवतं.

बघता बघता सरांभोवती गोल झाला. आधी दहा माणसं, मग पन्नास. कुणीतरी त्यांची टोपी काढून घेतली. कुणीतरी विचारत होतं, “कुणाचा हाय तू? सांग ना, कुणाचा हाय?” सर काहीतरी बोलत होते, पण त्यांच्या आवाजाला कधी जोर नव्हताच. मी निघालो. माझ्या जागेपासून ते साधारण वीस पावलांवर असतील. आठदहा पावलं गेलो असेन, तर खांद्यावर हात पडला. अण्णा होते.

“नरवडे, तुम्ही गाडीत बसा.”

“अण्णा, निर्णय माझा होता. मी दिलाय आऊट.”

“माहितीय मला.” अण्णांचा आवाज शांत होता, घरच्या माणसाशी बोलावं तसा. “पण तुमचं नाव कुठं आलंय त्यात? पोरं तापलेली हायती. आत्ता तुम्ही मधी पडला तर तुमच्यावर बी येईल. आपल्याला एका गावात राहायचंय. दोन मिन्टांत शांत होतंय सगळं.”

गर्दीच्या आतून मिलिंद ओरडला. त्यानं सरांना आपल्या पाठीशी घेतलं होतं आणि ग्लोव्हज घातलेले दोन्ही हात पुढं धरले होते. “अरे, स्टम्पिंगचा निर्णय हे देतच नसतात. नरवडे सरांनी दिलाय. तिथं उभे हायेत, विचारा त्यांना.”

बरीच तोंडं माझ्याकडं वळली. चुलत्याची पोरं होती, विक्रांत होता, ज्याच्या विहिरीवरून माझ्या वाट्याच्या शेताला पाणी येतं तो शेजारी होता. अण्णांचा हात अजून माझ्या खांद्यावरच होता. त्यांनी तो दाबला नव्हता, नुसता ठेवला होता.

मी बोललो नाही. नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. जमिनीकडं बघितलं. गर्दीनं त्याचा तिला हवा तो अर्थ घेतला आणि तोंडं परत वळली.

छावणीच्या पोरांनी सरांना मधे घेऊन कसंबसं आपल्या टेम्पोपर्यंत नेलं. टेम्पोवर दोनचार दगड पडले. मिलिंदच्या कपाळाला खोक पडली. चषक कुणी दिला नाही, कुणी मागितलाही नाही. सरांची स्कूटर मंडपामागं उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला. तिचा आरसा कुणीतरी फोडला होता.

क्लिप त्याच संध्याकाळी आली. अकरा सेकंदांची. चेंडू, बेल्स, सरांचा उठलेला हात, विक्रांतचा हताश चेहरा. खाली लिहिलं होतं, खुलताबादच्या पंचानं आपली जात दाखवली. कारखान्यात लोक जेवताना ती बघत होते. माझ्या शेजारच्या माणसानं मला दाखवून विचारलं, “तुम्ही व्हते ना तिथं? खरंच असं झालं का?” मी म्हणालो, “गडबडीत नीट दिसलं नाही.” अठरा वर्षांत माझ्या तोंडून निघालेला हा सगळ्यात चुकीचा निर्णय.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. फोनवर त्यांचं नाव बघून मी उचलू की नको करत होतो. शेवटी उचलला.

“नरवडे, क्लिप देखी?”

“हो, सर.”

मग ते म्हणाले, “मला तिथून रेघ दिसत नव्हती. तुमाला दिसली?”

“दिसली, सर. वीतभर बाहेर होता.”

“म्हणजे सही आऊट होता.”

“शंभर टक्के.”

“बस. एवढंच विचारायचं होतं.” त्यांनी फोन ठेवला.

मला शिव्या घाला, गावात येऊन खरं सांगा, असं ते काही म्हणाले असते तर मी सुटलो असतो. त्यांना फक्त निर्णय बरोबर होता की नाही तेवढं हवं होतं.

ईद झाल्यावर मी खुलताबादला गेलो. घाटात पोलिसांनी माझीही गाडी थांबवली. नाव सांगितलं तसं ‘जा’ म्हणाले, पिशवी उघडायला लावली नाही. सर ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. दहापंधरा दिवसांत माणूस वाळून निम्मा झाला होता. त्यांच्या सुनेनं शीरखुर्मा आणला. वाटी पितळेची होती, नक्षीची, पाहुण्यासाठी कपाटातून काढलेली. मी ती तशीच हातात धरून बसलो.

जिल्ह्याच्या पंचांच्या यादीतून त्यांना पुढच्या सूचनेपर्यंत विश्रांती द्यायचं पत्र आलं होतं. त्यांचा मुलगा शहरात एका शोरूमला होता, त्याला मालकानं काही दिवस येऊ नको म्हणून सांगितलं होतं. हे सरांनी नाही, सुनेनं सांगितलं, आणि सर तिच्यावर नजरेनं रागावले.

“सर, मी लिहून देतो,” मी म्हणालो. “निर्णय माझा होता असं सहीनिशी लिहितो. व्हिडिओ करतो. सगळ्या ग्रुपवर टाकतो.”

त्यांनी ओसरीवर चढलेली कोंबडी हुसकली.

“त्या दिवशी बोलला असता तर ते खरं होतं,” ते म्हणाले. “आता बोलाल तर म्हणतील, खुलताबादला बोलावून नरवडेला धमकावलं आणि लिहून घेतलं. ते परत माझ्याच दारात येईल. बहूला, पोरांना घेऊन मी कुठं जाऊ?”

“मग मी काय करू?”

“कुछ नहीं. आता तुमी कुछ नक्को करू.”

ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. चौकात एका दुकानात टीव्हीवर कुठलासा सामना लागला होता, समोर आठदहा माणसं उभी. पूर्वी सर तिथं हमखास थांबायचे, दोन षटकं तरी बघायचे. या वेळी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं गेले. मी विचारलं तर म्हणाले, “आम्ही सामना बघायला लागलो की लोक आम्हाला बघतात. टाळी कुठं पडली, कुठं नाही. खेळात मजा नाही राहिली, नरवडे.”

परत येताना घाटात मी गाडी थांबवली. खाली सगळं पठार उन्हात पांढरं पडलं होतं. खरं बोलायला कधीही उशीर होत नाही, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. ते खरं नाही. त्या दिवशी मैदानात मला मोजून दोन मिनिटं मिळाली होती. त्या दोन मिनिटांत माझा एक शब्द सरांना वाचवू शकला असता. पंधरा दिवसांनी तोच शब्द त्यांचं घर जाळायला कारण झाला असता. शब्द तोच, माणूसही तोच.

मिलिंद मधूनमधून कारखान्यात दिसतो. कपाळावर भुवईच्या वर पांढरी खूण राहिली आहे. पहिले काही महिने तो मला बघून वाट बदलायचा. या दिवाळीनंतर एकदा पॅनेलजवळ समोरासमोर आलो. मी विचारलं, “खेळतोस का अजून?”

“खेळतो की. पण आता आमच्या आमच्यातच. आमची वेगळी स्पर्धा असती, मुसलमानांची वेगळी. तिथं कोण काय म्हणत नाय.” त्यानं टेस्टर खिशात ठेवला. “बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण सगळे ओळखीचे असत्यात, सर. समोरच्याला हरवल्यासारखं वाटत नाय.”

जाताना तो थांबला. “त्या दिवशी मी तुमचं नाव घेतलं. मला वाटलं तुम्ही बोलताल. लई भरवसा होता.” रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं सांगत होता.

या वर्षी अण्णांचा फ्लेक्स लागला. तेच हसरे चेहरे, तोच चषक, आणि खाली बारीक अक्षरांत नवी ओळ: स्पर्धा फक्त समाजबांधवांसाठी, येताना शाळा सोडल्याचा दाखला आणावा. दाखल्यावर जात लिहिलेली असते. अण्णांचा फोन आला, “रविवारी या, नरवडे. या वेळेला काही टेन्शन नाय.” जाणार नाही म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं. मी गेलो.

मैदान तसंच होतं. टँकर येऊन गेला होता, ओल्या मातीचा वास येत होता. सगळ्यांपुढं जेवायला स्टीलची ताटं येणार होती, आणि ती पुरणार होती. माझ्याबरोबर उभा राहायला पैठणकडचा एक तरुण पंच आला होता, चांगला मुलगा, स्टम्पिंग कुणी द्यायचं ते त्यानं मला दोनदा विचारलं.

नाणेफेकीला दोन्ही कर्णधार आले. त्यातला एक कन्नड तालुक्यातला होता, मला ओळखत नव्हता. त्यानं माझ्याकडं नीट निरखून बघितलं.

“सर, पूर्ण नाव काय तुमचं?”

“कशाला?”

“असंच. माहीत असलेलं बरं.”

मी सांगितलं. माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव. त्याचे खांदे सैल पडले, तो मोकळा हसला आणि माझ्याशी हात मिळवत म्हणाला, “मग काय प्रश्नच नाय.”

मला नियम येतात का, या वयात मला लांबचं नीट दिसतं का, हे त्यानं विचारलं नाही. मी नाणं उडवलं.